पाण्याला मी दिलेला सी

बाटली बिअरची होती आणि आत मसाला होता. आमच्या वसईकडे वर्षभराचा मसाला असाच ठेवतात, तपकिरी बाटलीत काठीने ठासून, उजेडाने रंग उडू नये म्हणून. मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्लीतल्या माझ्या घरी येऊन, ती बाटली ओट्यावर ठेवत माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आई म्हणाली, "एवढीशी तर आहे, बाई. तुम्ही डार्विनला चाललाच आहात. पोरगी तिकडे हॉस्पिटलच्या कँटीनचं खाऊन जगतेय."

मी हो म्हटलं. इथे आपल्या माणसाची पिशवी कुणी नाकारत नाही. वजन किती, आत काय, असं विचारायचं नसतं. घ्यायची, नेऊन द्यायची, आणि पोचली म्हणून फोन करायचा.

"तुम्ही तेव्हा कडक होता म्हणून ती अभ्यासाला लागली हो," दारात चपला घालताना ती म्हणाली. "मी सगळ्यांना सांगते."

हे ती तेरा-चौदा वर्षं सांगते आहे. चर्चमध्ये मराठी मिस्सा संपल्यावर हॉलमध्ये, चहाच्या रांगेत, माझ्या नवऱ्यासमोर. मी मान हलवते आणि कप उचलते. मी मुळात कमी बोलणारी, त्यामुळे लोकांना तो नम्रपणा वाटतो. तिच्या मुलीशी मी काय केलं होतं ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. दर नाताळाआधी मी फादरकडे पापनिवेदनाला जाते. राग आला, आळस केला, जावेबद्दल वाईट बोलले, अशी माझी ठरलेली यादी असते. ही गोष्ट त्या यादीत कधी आली नाही. तिला पाप म्हणायचं का आणि कुठलं, हेच मला ठरवता येत नव्हतं. न ठरवणं सोयीचंही होतं.

मी शिक्षकांना मुलांचं काम तपासायला शिकवते. पूर्वी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायचे, आता कार्यशाळा घेत गावोगाव फिरते. जानेवारीच्या शेवटी, मुलं यायच्या आधी शाळेत फक्त शिक्षकांचे दोन-तीन दिवस असतात, तेव्हा मला बोलावतात. पद्धत साधी आहे. एकाच मुलाचं लिखाण सगळ्यांना वाटायचं. प्रत्येकाने निकषांचा तक्ता समोर ठेवून एकट्याने ग्रेड द्यायचा. मग भिंतीवर ए ते ई असे कागद लावायचे आणि आपापलं रंगीत स्टिकर आपल्या ग्रेडखाली चिकटवायचं. कुणाचा ए, कुणाचा डी. मग बोलायचं, का म्हणून. इथे याला मॉडरेशन म्हणतात. त्यासाठी माझ्याकडे एक हुकमी नमुना होता. हस्ताक्षरातला दीड पानाचा निबंध, नावावर पांढरी पट्टी, खालच्या सीवरही.

तो निबंध त्या मुलीचा होता. आठवीतली होती ती तेव्हा, वय तेरा. विषय होता 'मला आठवणारी जागा'. वर्गातल्या बाकीच्यांनी समुद्रकिनारे आणि सुट्टीतली घरं लिहिली. हिने आजोबांच्या वाडीतलं बावखल लिहिलं. वसईत केळीच्या आणि पानवेलीच्या बागांमधून अशी छोटी गोड्या पाण्याची तळी असत, बागा शिंपायला खणलेली. माझ्या वडिलांच्या वाडीतही एक होतं. तिने लिहिलं होतं इंग्रजीत, पण मला ते वाचताना ऐकू आलं ते आमच्याच बोलीत: पाणी झोपलेलं असायचं. त्याच्या अंगावर हिरवी चादर असायची. आजोबा आधी बादली टाकत नसत. आधी हाताने चादर बाजूला करायचे, झोपलेल्याच्या तोंडावरून पांघरूण काढावं तशी. मग पाणी डोळे उघडायचं आणि त्याच्यात आभाळ यायचं.

स्टाफरूममध्ये हीटरजवळ बसून मी हे वाचलं आणि माझा उजवा हात मनगटापर्यंत ओला झाल्यासारखा वाटला. खरंच. मी तो स्कर्टला पुसला.

त्या शाळेत ते माझं पहिलंच वर्ष होतं आणि शिक्षकांत सावळी मी एकटी. वर्गाची यादी आली तेव्हा एक सहकारी हसत म्हणाला होता, "ही तुझ्यातलीच ना? भाचीबिची असेल तर आत्ताच सांग हं." चांगला माणूस होता, गंमतच केली त्याने. पण तिकडे मिस्सेनंतर तिची आई हॉलभर सांगत होती, "आता काय, शाळेत आपल्या बाई आहेत!" मुलगी मला शाळेत मिस म्हणायची आणि चर्चमध्ये आंटी. दोन्ही हाकांना ओ देताना मला भीती वाटायची, की एक दिवस कुणीतरी म्हणेल, आपल्या माणसाला मार्क वाटते.

मग मी तो निबंध पुन्हा वाचला, यावेळी पेन हातात घेऊन. तुटक वाक्यं. जोडणी कमी. पाणी हा शब्द फार वेळा. समासात मी हिरव्या शाईने लिहिलं, 'पुनरुक्ती टाळ'. मला तो इतका आवडला होता, की ते आवडणंच मला पुरावा वाटलं. आपलं आहे म्हणून आवडतंय. तेव्हा आवडणं वजा कर. वजा केल्यावर उरला सी.

त्या सीमुळे ती पुढच्या वर्षीच्या निवडक इंग्रजीच्या वर्गात गेली नाही. एका ग्रेडने राहिली. निबंध वर्गात दाखवून मी परत घेतला, नमुना म्हणून ठेवायला, आणि पुढे शाळा सोडली तेव्हा फाईलबरोबर तो माझ्याकडेच आला. तिला कधी विचारलं नाही. हे लिहिण्याआधी मात्र विचारलं. ती म्हणाली, लिहा, नाव नको. म्हणून इथे कुणाचंच नाव नाही.

बाटली टॉवेलात गुंडाळून मी हातातल्या पिशवीत ठेवली, कार्यशाळेच्या कागदांशेजारी. मेलबर्नच्या विमानतळावर सिक्युरिटीच्या बाईने ती वर काढली.

"सकाळी सहाला बिअर, लव्ह?"

"मसाला आहे."

तिने बूच हुंगलं आणि मागे सरकली. "जाग आली," म्हणाली. "जा."

तेव्हाच बूच सैल झालं असणार. विमानात डोळा लागला तर मला आईच्या स्वयंपाकघराची स्वप्नं पडत राहिली. स्वप्न म्हणावं असं त्यात काही घडत नव्हतं. खिडकीतून ऊन आलेलं, ते पाट्यावर पडलेलं, आणि कुणीतरी बाहेरून मला हाक मारतंय, पण मिस म्हणून.

डार्विनला उतरले तर दार उघडल्याबरोबर गरम ओला वारा तोंडावर आला. या उत्तर टोकाला जानेवारीतच पावसाळा असतो, तो ऐन भरात होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इतकं हिरवं, की टॅक्सीत बसल्या-बसल्या मी दोनदा दचकले. कुणाच्या तरी कुंपणावरून केळीचं पान बाहेर आलेलं. चाफा फुललेला. गटाराच्या कडेने बेडूक बोलत होते. टॅक्सीवाला विचारत होता, पहिल्यांदा आलीस का, आणि माझ्या तोंडून नाही असं निघून गेलं. नंतर सावरून हो म्हटलं. त्याने आरशात माझ्याकडे पाहिलं, पण पावसात इथे सगळ्यांचंच असं होत असावं, कारण तो पुढे काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या लायब्ररीत वीसेक शिक्षक जमले. बाहेर अंगाला चिकटणारा उकाडा आणि आत एसी असा, की सगळ्यांनी स्वेटर घातलेले. मी पिशवीतून कागद काढून वाटले आणि पहिल्या टेबलावरून आवाज आला, "एक मिनिट. जेवणाचा वास कसा येतोय?"

"कागदाला येतोय," दुसरी कुणी म्हणाली. तिने निबंध नाकाशी नेला. "अरे, खरंच! हे खायचं की तपासायचं?"

सगळे हसले. मीही हसले. इतकी वर्षं तो निबंध मी कोरडा करून वाटत आले होते, नाव पुसून, गाव पुसून, झेरॉक्सची झेरॉक्स काढून. अक्षरं दर वेळी थोडी फिकी व्हायची आणि मला त्याने बरं वाटायचं. आज त्याला गावचा वास सुटला होता आणि मला तो झाकता येत नव्हता.

अर्धा तास खोलीत फक्त एसीची घरघर होती. खिडकीबाहेर ढग इतके खाली आले होते की मैदानाच्या टोकाची झाडं दिसेनाशी झाली. माणसं वाचत होती. वाचता वाचता कुणीतरी टेबलावरून हात फिरवला, काहीतरी बाजूला सारावं तसा. मी ते बघितलं आणि नजर वळवली.

भिंतीवर स्टिकर लागले. बहुतेक ए खाली, काही बी खाली. हे नवीन नव्हतं. सगळीकडे असंच व्हायचं, आणि त्यानंतरच माझं खरं काम सुरू व्हायचं. मी त्यांना अर्ध्या तासात सी वर आणायचे. त्यात मी तरबेज होते. एकेका निकषावर बोट ठेवायचं आणि शांतपणे विचारायचं, तुम्हाला हे आवडलं म्हणून ए देताय, की ते निकषात बसतं म्हणून? माणसं ओशाळतात. प्रामाणिक शिक्षक तर फारच. मग स्टिकर उठतात आणि सीकडे जायला लागतात. किती शाळांमध्ये, किती भिंतींवर मी हे घडवून आणलं असेल.

त्या दिवशीही मी तोच प्रश्न विचारला. पुढच्या टेबलावर पहिल्यांदाच नोकरीला लागलेली एक मुलगी होती, चोवीस-पंचवीसची. ती उठली. तिने ए खालचं आपलं स्टिकर नखाने सोडवलं. चेहरा पडला होता, चोरी पकडल्यासारखा. सीच्या कागदाकडे जाताना ती हळूच म्हणाली, "सॉरी. वाहवत गेले."

मागच्या खुर्चीवर चड्डी-सँडलमधला एक पांढऱ्या दाढीचा शिक्षक बसला होता. आडगावांत शिकवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, जिथे मुलांना इंग्रजी ही तिसरी-चौथी भाषा. तो बसल्या जागेवरून म्हणाला, "थांब गं, पोरी. लावू नकोस तिकडे." मग माझ्याकडे वळून, "या कागदावर खालच्या पट्टीआडून सी दिसतोय. कोणी दिला?"

"तिच्या शिक्षकाने," मी म्हटलं. नेहमीचं उत्तर.

"कशाला घाबरलं होतं ते बिचारं?"

त्याने हे रागाने विचारलं नव्हतं. मुलाच्या गुडघ्याला कशाने लागलं असं विचारतात, तसं विचारलं. ती नवी शिक्षिका भिंतीपाशी उभी होती, बोटाच्या टोकावर पिवळं स्टिकर घेऊन, आणि माझ्याकडे बघत होती. मी काय सांगेन त्यावर ती ते लावणार होती, आणि पुढे बहुतेक जन्मभर तशीच लावत राहणार होती.

"ए वरच ठेव," मी तिला म्हटलं. "सी मी दिला होता. ती माझ्या गावची होती, आणि लोक म्हणतील मी आपल्यांना झुकतं माप देते, याची मला भीती वाटली. निबंध मला फार आवडला, म्हणून मी त्याचा ग्रेड खाली आणला."

तिने स्टिकर परत ए खाली दाबलं. म्हातारा शिक्षक म्हणाला, "बरं. चहा घ्यायचा का?"

चहाच्या टेबलापाशी तो बिस्किट बुडवत शेजारी उभा राहिला. "ती पोर आता कुठे असते?"

"इथेच. हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. चार वाजता भेटायचंय."

"अरे देवा. मग तू इथे काय करतेयस?"

"अजून दोन सेशन आहेत."

"हां, मग ठीक आहे," तो म्हणाला. "सेशन महत्त्वाचं." आणि माझ्या कपात न विचारता साखर टाकली.

चारला ती हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये आली, निळ्या कपड्यांत, केस वर बांधलेले. मला बघून लांबूनच हात केला. "हाय आंटी!" बाटली टॉवेलातून काढून तिने हुंगली आणि डोळे मिटले. "ओ माय गॉड. आईने खरंच बिअरची बाटली पाठवली. एअरपोर्टवर पकडलं नाही तुम्हाला?"

"पकडलं. हुंगून सोडलं."

ती खळखळून हसली. तिला वीस मिनिटांचाच ब्रेक होता. मला वाटलं, एवढ्याशा वेळात कसं सांगणार, आणि वाटलं, बरंच झालं, एवढाच वेळ आहे. बाटली हातात पडली होती, माझं काम झालं होतं, उठून गेले असते तरी कुणाचं काही अडणार नव्हतं. मी फाईल उघडून मूळ निबंध तिच्यापुढे ठेवला. झेरॉक्स नाही, तिच्या निळ्या पेनाचा.

ती बघत राहिली. मग नावावरच्या पांढऱ्या पट्टीवर नखाने खरवडलं. "हे माझं आहे."

"तुझंच."

मी सगळं सांगितलं. सकाळी लायब्ररीत जे सांगितलं तेवढंच नाही. उरलेलंही सांगितलं, जे तिथे जिभेवर येऊन मागे गेलं होतं. तेव्हा प्रत्येक निबंध दोघांनी तपासायचा नियम होता. दुसरा होता तो गंमत करणाराच सहकारी. त्याने तिला ए दिला होता. मीच त्याच्याशी अर्धा तास भांडून, एकेका निकषावर बोट ठेवून, त्याला खाली आणलं. शेवटी तो म्हणाला होता, "मानलं तुला. आपल्या माणसाच्या बाबतीत असं कुणी करत नाही." त्या वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं जगले. त्यातूनच या कार्यशाळा सुरू झाल्या.

ती निबंध वाचत होती. ओठ हलत होते.

"माझं इंग्लिश चुकलं असं मला वाटलं नव्हतं, मिस," ती म्हणाली. आंटीची मिस झाली, हे तिच्या लक्षातही आलं नसेल. "मला वाटलं, पाणीच चुकलं. तुम्ही तिथल्या ना. आख्ख्या शाळेत ते पाणी बघितलेल्या तुम्ही एकट्या. आणि तुम्ही म्हणालात, नाही. मग मला वाटलं मला नीट आठवतच नाही. तेव्हा मी काय, सहा वर्षांची असताना बघितलेलं. मेड इट अप असेल." तिने कागद टेबलावर सपाट केला. "नंतर आजोबा गेले. बावखल बुजवलं. आता तिथे बिल्डिंग आहे. विचारणार कुणाला?"

सीमुळे तिचा वर्ग हुकला, एवढंच मी इतकी वर्षं मोजत आले होते. हे मला माहीतच नव्हतं.

"मग?" ती म्हणाली. "होतं का तसं?"

"कसं?"

"हिरवं. वर चादर. हाताने बाजूला करायची."

बाहेर पाऊस कधी सुरू झाला कळलं नव्हतं. कँटीनच्या काचेवरून पाणी पडद्यासारखं ओघळत होतं आणि पार्किंगमधल्या गाड्या तळाशी बसलेल्या माशांसारख्या दिसत होत्या. मी तिला सांगितलं. होतं, हिरवं होतं, अगदी तसंच. ती बारीक पानांची शेवाळ असायची, बाजूला केली की परत हळूहळू जवळ यायची. माझे वडील डाव्या हाताने सारायचे, कारण उजव्या हातात बादली. आभाळ यायचं खरं, पण आधी माडाची झावळी यायची, आणि मग आपला चेहरा. तू चेहरा लिहिला नाहीस.

"मी उंच नव्हते," ती म्हणाली. "मला काठावरून माझा चेहरा दिसायचा नाही. फक्त आजोबांचा."

"हां," मी म्हटलं. "मग बरोबर आहे."

मला वडिलांच्या वाडीतल्या ओल्या मातीचा वास आला आणि बाटलीतला मसाल्याचा, आणि तो कँटीनच्या फिनेलच्या वासात मिसळून गेला.

मग तिने घड्याळ बघितलं. "दॅट्स सो मेस्ड अप, मिस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आवडलं म्हणून सी?"

"हो."

"कॉप्या आहेत तुमच्याकडे?"

"पिशवीत गठ्ठा आहे. घरीही आहेत."

"वापरू नका. मी सांगेन तेव्हा बघू." तिने मूळ कागदाच्या दोन घड्या घालून तो खिशात ठेवला, पेन आणि कात्रीच्या मागे. बाटली काखेत मारली. "आईला माहितेय?"

"नाही. ती अजून माझे आभार मानते."

"मग तुम्ही सांगा. मी नाही सांगणार तुमच्यासाठी." दोन पावलं गेली आणि परत वळली. "फोनवर रडेल ती. रडू द्या. लगेच सॉरी-सॉरी करत बसू नका." आणि दारं सरकून ती आत निघून गेली.

मी पोर्चमध्ये येऊन उभी राहिले. पाऊस थांबला होता आणि डांबरातून वाफ निघत होती. फोन करायचाच होता, पिशवी पोचवली की करतातच. दुसऱ्याच रिंगला तिच्या आईने उचलला.

"पोचली का हो बाटली?"

"पोचली."

"फुटली नाही ना? कशी दिसते पोरगी? बारीक झालीय का?"

"छान दिसते. तुम्ही कामात आहात का?"

"भात टाकलाय. का हो, बाई?"

"गॅस बंद करा," मी म्हटलं, "आणि जरा बसा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.